बाभळीची शाई

लोहाऱ्यात मला अजूनही पेंटर म्हणतात. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, निवडणुकीतली चिन्हं, हे माझं काम. फ्लेक्स आला आणि बघता बघता ते गेलं. त्याचं रडगाणं मी गात नाही. अक्षर सुबक असावं असं वाटणारी गिऱ्हाइकं तेव्हाही थोडीच होती, स्वस्त असावं असं वाटणारी पुष्कळ. पण माझा हात फ्लेक्स यायच्या आधीच अडला होता.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारीचं नाव जगभर झालं, पण आमच्या तालुक्यातल्या सास्तूरचं दुःख त्याहून लहान नव्हतं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवदाची माती. उन्हाळ्यात गारवा देणारं ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. पुढं काही महिन्यांनी लोक माझ्याकडं येऊ लागले, फोटो घेऊन. लग्नाच्या घोळक्यातला नखाएवढा चेहरा. मी त्यावर चौकोन पाडायचो आणि दोन फुटी पत्र्यावर तो मोठा करायचो. डोक्यावर नवा फेटा, अंगावर नवी साडी, मागं निळं आभाळ. काहींकडं फोटोसुद्धा नसायचा. ‘नाक माझ्यावानीच, पर रंग उजळ,’ असं सांगायचे. चित्र झालं की बराच वेळ बघत राहायचे आणि म्हणायचे, ‘हाय, तसंच हाय.’ माझी समजूत काढायला म्हणताहेत, हे मला कळायचं.

मग असं होऊ लागलं की समोर कोणी बोलत असलं तरी त्याच्या चेहऱ्यावर मला चौकोन दिसायचे. जिवंत माणसाच्या. ब्रश धरला की अंगठा थरथरायचा. हातात काही दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले.

झाडांकडं मी वळलो तो त्यांच्या सौंदर्यासाठी नव्हे. रस्त्याकडेच्या तरवडासाठी कोणी रडणार नव्हतं, एवढंच कारण. वहीत त्याचं फूल काढायला बसलो. इथं ‘तसं नव्हतं’ म्हणणारं कोणी नाही, असं वाटलं होतं. पण पिवळ्या पाच पाकळ्यांच्या आत पुंकेसर सारखे नसतात. काही आखूड, तर खालचे तीन लांब आणि वाकलेले. पाटीवर कमळ काढणाऱ्या हाताला हे ठाऊक नसतं. तो सवयीनं फूल काढतो. ती सवय मोडायला मला वर्षं लागली, आणि त्या वर्षांत अंगठा कधी थांबला ते लक्षातही आलं नाही.

निसर्गानं बरं केलं, असं म्हणायची हल्ली पद्धत आहे. मला ते पटत नाही. खुरप्यानं बोट कापलं तर आमच्याकडं कंबरमोडीचा पाला चोळून लावतात, रक्त थांबतं. पण कंबरमोडी काही त्यासाठी बांधावर उगवत नाही. तिचं मूळ घर तर अमेरिका खंडात. तरवडालाही माझी काही पडलेली नव्हती. ज्या घरांना मी चेहरे दिले, तिथं माझ्याकडं फार आशेनं बघायचे. तरवड बघत नव्हता. मला त्याच्याजवळ बसवायचं ते त्यामुळंच.

पुढं कळलं की ही वाट जुनीच आहे. इंग्लंडातल्या मेरी डेलनी यांचे पती १७६८ मध्ये गेले. १७७२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्या रंगीत कागद कातरून फुलं करू लागल्या. काळ्या पार्श्वभूमीवर, एकेक पाकळी वेगळी. नजर साथ सोडेपर्यंत दहा वर्षांत त्यांनी जवळजवळ हजार फुलं केली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आणि आपल्या पुण्याजवळ दापोडीच्या बागेत अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात झाडांची चित्रं काढून घेतली. ती एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात जपली आहेत. गिब्सन यांचं नाव राहिलं, चित्रकाराचं राहिलं नाही. आम्ही पाटीवाले बरे म्हणायचे. दुकानदाराच्या नावाखाली कोपऱ्यात स्वतःचंही नाव ठोकून देतो.

एनॅमलचा वास नको झाला तेव्हा मी शाई करायला लागलो. भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. जुनी गावठाणं वेड्या बाभळीनं भरली. पण शाईला आपली देशी बाभूळ लागते. तिच्या वाळक्या शेंगा ठेचून भिजवायच्या आणि उकळायच्या. तांबूस काढा होतो. त्यात लोखंडाचे खिळे टाकून ठेवले की शेंगांतला तुरटपणा लोखंडाला धरतो आणि काढा काळा पडू लागतो. खिळे मी जुन्या गावठाणातले वापरतो, कोणाच्या तरी दाराचे. या शाईची रेघ ओढताना फिकी असते. हवा लागेल तशी गडद होते. त्यामुळं काढतानाच चित्र कसं झालंय हे ठरवता येत नाही. पाटीच्या धंद्यात हे चाललं नसतं.

गेल्या पावसाळ्यात एक मावशी आली. तिच्या भावाचा चेहरा मी त्या काळात रंगवला होता. भिंतीवरची झाडं बघत ती म्हणाली, ‘आता त्याचं तोंड तुझ्या चित्रातलंच आठवतं, बाबा. खरं कसं हुतं ते गेलं.’ माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि तिनंही ते मागितलं नाही. ‘घराम्होरला लिंब काढतूस का?’ एवढंच विचारलं.

फोटो अर्थातच नव्हता. मी बोरू शाईत बुडवला आणि विचारलं, ढोली किती उंचीवर होती. ती उठून उभी राहिली, हात खांद्याला लावून दाखवला. बैल कुठं बांधायचे, झोका कुठल्या फांदीला, सगळं पाठ होतं. मी खोड ओढलं, फांदी वळवायला लागलो.

‘तिकडं न्हाई. उगवतीला मोकळं हुतं, तिथनं ऊन यायचं दारात. फांदी मावळतीला काढ.’

मी मावळतीला काढली.

‘आनि खाली घे,’ ती म्हणाली.