तळघरातील मोरी

2000 साली छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले आणि जुन्या रायपूरच्या शेजारी नवा रायपूर हे आखीव शहर उभे राहू लागले. तेथे माझ्या थोरल्या भावाचे घर आहे. घराच्या तळघरात वहिनी पापड-मसाल्यांचा लहानसा उद्योग करतात. तळघरात नळ सहज आला. गच्चीवरच्या टाकीतून पाणी खाली उतरायला कोणाचे आर्जव करावे लागत नाही. अडले ते वापरलेल्या पाण्याचे. घराबाहेर जाणारी सांडपाण्याची नळी तळघराच्या जमिनीहून पुरुषभर उंचीवर होती. मग वहिनी बादल्या भरून जिन्याने वर नेत. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो ओझे, आणि दिवसाला अशा वीस बादल्या! हा हिशेब घरात कोणी मांडला नव्हता.

दादांनी शोषखड्ड्याचा विचार बोलून दाखवला. नळकाम करणारे एक वृद्ध कारागीर आले होते. तिकडच्या रीतीने आम्ही त्यांना कका म्हणत असू. त्यांनी स्पष्ट नकार दिला. पायाशी ओल मुरेल आणि पावसाळ्यात भूजल वर आले की खड्डा पाणी शोषण्याऐवजी भरून येईल, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांनी मोरीखाली नळीला वाकण दिले. त्या वाकणात थोडे पाणी कायम साचून राहते आणि दुर्गंधी अडते. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने 1775 मध्ये शौचकूपासाठी अशाच वाकणाचे पेटंट घेतले होते. पुढे झाकणबंद टाकी आणि तीत पंप. पाणी ठराविक पातळीला आले की तरंगता गोळा उचलला जातो व पंप आपोआप सुरू होतो. वर चढलेले पाणी माघारी येऊ नये म्हणून नळीत एकेरी झडप आहे, आणि टाकीतील वायू बाहेर पडावा म्हणून एक नळी थेट गच्चीपर्यंत नेली आहे.

टाकी मात्र ककांनी मुद्दाम लहान निवडली. मोठी टाकी साफ करायची तर कोणाला तरी आत उतरावे लागते. संरक्षक साधनांशिवाय गटारात वा मैलाटाकीत माणूस उतरवण्यास 2013 च्या कायद्याने मनाई आहे. तरीही त्यांतील विषारी वायूने माणसे गुदमरून मरतातच. या टाकीत उतरताच येत नाही. ही त्यांची निवड मला पंपाहूनही मोलाची वाटली.

आता वहिनी दर आठवड्याला जाळीतला गाळ स्वतः काढतात. वीज गेली की मात्र त्या नळाला हात लावत नाहीत.