आरशापुढील दहा मिनिटें

प्रसाधनाचा विषय निघाला म्हणजे आमच्या घरांत दोन तट पडतात. एका बाजूस आत्याबाई. त्यांच्या मतें तोंड स्वच्छ धुऊन ठसठशीत कुंकू लावलें कीं स्त्रीनें अधिक कांहीं करण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या बाजूस सुना व मुली. त्यांच्या डब्याबाटल्यांनीं आरशाखालची फळी भरून गेलेली असते. आम्ही दोन्ही पक्षांचें ऐकून घेतों. परंतु गेल्या वर्षीं हुपरीस जी गोष्ट घडली तिच्यामुळें या विषयावर चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटूं लागलें.

हातकणंगले तालुक्यांतील हें गांव चांदीच्या कामाकरितां प्रसिद्ध आहे, हें वाचकांस सांगावयास नको. पैंजण, जोडवीं, घुंगरू यांचें काम तेथें घरोघर चालतें आणि त्यांतील पुष्कळसें बायकांच्या हातून होतें. आमच्याकडे लग्नकार्य निघालें कीं पैंजणांच्या निमित्तानें हुपरीची खेप ठरलेली. या वेळीं आमची पुतणी बरोबर होती. तिच्या लग्नाचें बोलणें चाललें होतें. उन्हानें घामाघूम झाल्यामुळें तिनें पडवींत तोंड धुतलें, कपाळावरची टिकली काढून तांब्याच्या कांठास चिकटविली, आणि भुंवयांच्या मध्यें एक पांढुरका ठिपका दिसूं लागला.

बरोबरच्या मंडळींचे चेहरे उतरले. ‘कोड’ हा शब्द कोणी उच्चारला नाहीं, पण तो सर्वांच्या मनांत आला होता. लग्नाच्या मुलीविषयीं हा शब्द मनांत येणें म्हणजे काय, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस समजावून सांगावें लागत नाहीं. पोर रडकुंडीस आली. घुंगरू ओवीत बसलेल्या त्या घरच्या वृद्ध काकींनीं मात्र तिला जवळ बसवून घेतलें, ठिपका निरखला आणि विचारलें, “पोरी, रोज एकाच जाग्यावर लावतीस न्हवं टिकली? मग ह्यो डाग टिकलीच्याच मापाचा हाय. कोड असं माप घेऊन येतंय व्हय?”

दागिन्यांचीं मापें घेण्यांत जन्म गेलेल्या त्या डोळ्यांनीं निदान बरोबर केलें होतें. कोल्हापुरास त्वचेच्या डॉक्टरांनींहि तेंच सांगितलें. कांहीं टिकल्यांच्या पाठीमागील डिंकांत पॅरा-टर्शरी-ब्यूटिल-फिनॉल नांवाचें रसायन असतें. तें वर्षानुवर्षें एकाच जागीं लागत राहिलें म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मरतात. पुष्कळदां टिकली सोडल्यावर कांहीं महिन्यांत रंग परत येतो. कधीं येत नाहीं, आणि क्वचित् डाग इतरत्रहि उठतात. म्हणून खाज किंवा फिकट वर्तुळ दिसतांच टिकली बंद करून डॉक्टरांकडे जावें. वरून पावडर फांसून तें झांकण्यांत अर्थ नाहीं. आणि कोड असतें तरी काय? तें स्पर्शानें पसरत नाहीं, कुष्ठाशीं त्याचा संबंध नाहीं. सुशिक्षित घरांतहि हें अजून सांगावें लागतें याची आम्हांस लाज वाटते. आमच्या पुतणीचा डाग आठ महिन्यांत कडेनें बराच भरून आला. मुलाकडील मंडळींस तो आम्हीं लग्नाआधींच दाखविला. मुलाची आई ऐकतां ऐकतां उठली आणि आरशापुढें जाऊन तिनें स्वतःची टिकली काढून पाहिली.

आतां पुतणी मेणावर कुंकू लावते. आत्याबाईंचा हा विजयच; पण त्यांनींहि एक गोष्ट ध्यानांत घ्यावी कीं, कुंकू म्हणून मिळतें तें सगळें कुंकू नव्हे. खरें कुंकू हळदीचें, टाकणखार आणि लिंबाचा रस यांच्या योगानें तांबडें केलेलें. सोलापूर जिल्ह्यांतील केम हें गांव या धंद्यासाठीं नांवाजलेलें आहे. हळद क्षारानें लाल होते हें, साबण लागून तांबडे झालेले तिचे डाग पाहिलेल्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. स्वस्त, भडक कुंकवांत पुष्कळदां कृत्रिम रंग असतो. शेंदूर तर शिशापासून केलेला. तो कपाळास नको.

लावण्याची रीत साधी आहे. कोरड्या कपाळावर मधमाशांच्या मेणाचा पातळ गोल बोटानें काढावा, त्यावर कुंकू दाबावें, चोळूं नये, आणि उरलेली पूड मऊ फडक्यानें झटकावी. मेण कडक झालें असल्यास खोबरेलाचे दोन थेंब घालून कोंबट करावें. कुंकू फांकलें तर पाण्यानें पुसूं नये, रंग अधिकच पसरतो. कापसाच्या वातीच्या टोंकास खोबरेल लावून कड तेवढी टिपून घ्यावी. डोळ्यांखालीं उतरलेलें काजळहि याच युक्तीनें निघतें.

काजळाची डबी मात्र ज्याची त्याला असावी. एका डबींत पांच जणींचीं बोटें गेलीं कीं एकीचे डोळे आल्यावर घरभर येण्यास वेळ लागत नाहीं. शिशाच्या खनिजाचा सुरमा अजून कोठें कोठें मिळतो. तो लहान मुलांच्या तर नाहींच, कोणाच्याच डोळ्यांत घालूं नये. शिसें आणि आर्सेनिक यांच्या संयुगांनीं रंगविलेलीं प्रसाधनें करण्यास २०२० च्या नियमांनीं मनाई आहे. परंतु जत्रेंतल्या बिननांवाच्या डबीवर नियम कोण वाचणार? परवान्याचा क्रमांक आणि वापरण्याची मुदत छापलेली नसेल ती डबी घेऊं नये, इतकें आपल्या हातीं आहे.

पावडरीविषयीं थोडेंच लिहितों. घामावर लावलेली पावडर गोळा होते. तोंड धुऊन, पूर्ण कोरडें करून, फूल झटकून थोडी घ्यावी आणि मानेवरहि लावावी. अधिक झाल्यास ओलसर, घट्ट पिळलेलें फडकें हलकेंच दाबावें. आपल्या वर्णाहून दोन छटा गोरी पावडर घेण्याचा जो सोस आहे त्यानें चेहरा गोरा न दिसतां राख फांसल्यासारखा दिसतो. रंग पाहावयाचा तो हनुवटीच्या कडेला, दिवसाच्या उजेडांत; दुकानांतील दिव्याखालीं मनगटावर नव्हे.

दागिने अगदीं शेवटीं घालावे, हेंहि आम्हांस हुपरीच्या काकींनींच सांगितलें. तेल, अत्तर, पावडर अंगावर बसल्यानंतर चांदी चढवावी. हवेंतील गंधकानें चांदी काळी पडावयाचीच, पण घुंगरांच्या फटींत पावडर आणि तेल यांचा चिखल बसला कीं नादहि बसतो. तसें झाल्यास रिठ्याच्या कोंबट पाण्यांत थोडा वेळ ठेवून मऊ ब्रशानें घांसावे, स्वच्छ पाण्यांतून काढावे आणि कोरडे पुसून मगच डब्यांत ठेवावे.