ओहोटीच्या वाटेवरची कोडी

"रोज अर्धा तास चालत जा," हे वाक्य मी माझ्या दवाखान्यात दिवसातून किती वेळा उच्चारते, याची गणती मी कधी केलेली नाही. हिंजवडीत व्यवसाय करू लागून मला सव्वीस वर्षे झाली. पहिल्या काही वर्षांत बरेचसे रुग्ण शेतावरून थेट दवाखान्यात येत. त्यांना चालण्याचा सल्ला द्यावा लागत नसे. आजचे रुग्ण बहुमजली कचेऱ्यांतून येतात. ते सल्ला नम्रपणे ऐकतात, मनगटावर पावले मोजणारे घड्याळ बांधतात, पंधरा दिवस चालतात आणि थांबतात. अशाच एका तरुण रुग्णाने मला एकदा सरळ विचारले, "डॉक्टर, चालेनही, पण बघायचे काय?" त्या वेळी मी हसण्यावारी नेले. पुढे हाच प्रश्न माझ्या घरात उभा राहिला.

माझे वडील, अण्णा, त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. सार्वजनिक बांधकाम खात्यातून ते निवृत्त झाले. बालपण गुहागर तालुक्यातील एका खेड्यात गेले. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा आढळला आणि अँजिओप्लास्टी झाली. हृदय सावरले, नंतरची ताणचाचणी समाधानकारक आली, हृदयरोगतज्ज्ञांनी चालण्याची, पायऱ्या चढण्याची मोकळीक दिली. भीती मात्र गेली नाही. बैठकीच्या खोलीपासून गच्चीपर्यंत आणि पुन्हा खुर्चीपर्यंत, एवढाच त्यांचा प्रवास उरला. त्यात माझाही वाटा होता, हे मला उशिरा उमगले. "अण्णा, पायऱ्या नकोत. उन्हात नको. पिशवी मी घेते." वर्षभर मी त्यांना फक्त 'नको' दिले होते.

याच सुमारास माझा चौदा वर्षांचा भाचा आणि दहा वर्षांची भाची सुट्टीला आमच्याकडे आली. भाच्याच्या चष्म्याचा नंबर वर्षभरात वाढला होता आणि भाचीलाही पडदा सोडवत नव्हता. तीन पिढ्यांना एका वाटेवर आणील असे काहीतरी हवे होते. तेव्हा मला शोधखेळाची आठवण झाली.

चालत जायचे, वाटेवर कोडी सोडवायची आणि शेवटी एक पेटी शोधायची, हा खेळ जगात जुना आहे. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर १८५४ साली एका वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दुर्गम ठिकाणी एक बाटली ठेवली आणि तेथवर पोहोचणाऱ्यांनी आपले नावपत्र तीत टाकावे असा प्रघात पडला. मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहांच्या स्थाननिश्चितीवरील मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता काढून टाकताच, ऑरेगन राज्यात एका हौशी गृहस्थाने रानात बादली दडवली व तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. 'जिओकॅशिंग' या खेळाचा तो आरंभ. आपल्याकडे भोंडल्याची गाणी संपल्यावर डबा वाजवून खिरापत ओळखायला लावत, त्यातली गंमत हीच होती. खाऊ साधाच असे. ओळखण्यात रस असे.

आम्ही जागा निवडली ती हरिहरेश्वर. हिंजवडीहून माण, घोटावडे, पौड या मार्गाने मुळशीला लागायचे आणि ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा करीत श्रीवर्धन तालुक्यात पोहोचायचे. सावित्री नदी समुद्राला मिळते त्याच्या जवळच हे क्षेत्र आहे. देवळामागून प्रदक्षिणेची वाट टेकडीवर चढते आणि मग कड्यांमधल्या अरुंद घळीतून पायऱ्यांनी थेट समुद्राच्या खडकांवर उतरते. पुढे एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला समुद्र. खडकांवरून चालत अखेर वाळूच्या किनाऱ्यावर यायचे. निसर्गाचे असे उघडे पुस्तक फार थोड्या ठिकाणी मिळते. मात्र ही वाट फक्त ओहोटीच्या वेळीच खुली असते. भरतीत लाट कड्यापर्यंत येते, आणि तिने माणसे ओढून नेल्याच्या दुर्घटना येथे घडल्या आहेत.

म्हणून मी आणि यजमान पंधरा दिवस आधी जाऊन वाट पाहून आलो. शुक्ल आणि कृष्ण पक्षांतल्या त्याच तिथीला समुद्राचे वेळापत्रक जवळपास सारखे असते, त्यामुळे ही पाहणी उपयोगी पडली. खेळाचे तीन नियम मी लिहून काढले. वाटेवर कागदाचा कपटाही सोडायचा नाही. सगळी कोडी माझ्याजवळच्या पाकिटात राहतील. शंख, शिंपला, प्राणी काहीही उचलून आणायचे नाही. आणि घड्याळात नऊ वाजले की शोध थांबवून, न रेंगाळता, सरळ किनाऱ्याकडे निघायचे. खजिन्याची लहान पेटी आमच्या मुक्कामाच्या घरी होती. तिला तीन आकड्यांचे कुलूप होते. ते आकडे वाटेवर मिळणार होते.

पहिले पाकीट आदल्या रात्री अंगणातच उघडले. कोडे असे होते: "उद्या संकष्टी. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेव्हा समुद्र भरेल. मग तो रिकामा केव्हा?" मुलांनी भ्रमणध्वनीकडे हात नेला. खुर्चीत बसलेले अण्णा एकदम म्हणाले, "अरे, हे तर आमच्या गावच्या खलाशांचे गणित!" कोकणात तिथीच्या पाऊणपटीवरून पूर्ण भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे. चतुर्थी, म्हणजे चाराची पाऊणपट तीन. तीन वाजता भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी, नऊच्या आसपास ओहोटी. पहिला आकडा मिळाला: नऊ. हे गणित ढोबळ असते, म्हणून आम्ही छापील वेळापत्रकही पाहिले आणि गावातल्या माणसांनाही विचारले. पण त्या रात्री एक गोष्ट ठरून गेली. भाचा म्हणाला, "मग आजोबा, वेळ तुम्हीच बघायची. तुम्ही नसलात तर आम्हाला कळणार कसे?"

अण्णा देवळापाशी थांबतील, असे मी मनाशी धरले होते. सकाळी साडेसातला ते पहिल्या पायरीशी उभे राहिले. मी 'नको' म्हणायला तोंड उघडले आणि मिटले. बोलता येते आहे तोवर चाल ठीक, शब्द तुटू लागले की थांबायचे, ही साधी कसोटी आम्ही ठरवली. अण्णा चढता चढता नातीला पायऱ्यांच्या चिऱ्यांबद्दल सांगू लागले. दर पंधरा-वीस पायऱ्यांनी ते थांबत, आणि थांबण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता, कारण मुलेही थांबतच होती. कधी पक्ष्यासाठी, कधी मुंगळ्यांच्या रांगेसाठी. घळ उतरताना एका हाताला यजमान आणि दुसऱ्या हाताला भाचा होता. खाली समुद्र दिसला तेव्हा अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसरे कोडे आकड्याचे नव्हते. "पोळे आहे, मध नाही; माशी कधी आलीच नाही. कोणी पोखरले?" मुलांना उत्तराची अर्धी बाजू लगेच सापडली. कड्याच्या अंगावर मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी होती, शेकडो खोलगट घरे. पण पोखरले कोणी? भाचा म्हणाला, लाटांनी. अण्णांनी खडकावरून बोट फिरवले, चाखून पाहिले आणि म्हणाले, "हा लोणा." जुन्या भिंतीला लोणा लागतो, गिलावा फुगून गळतो, ते त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. खडकाचेही तसेच होते. खारे पाणी बारीक छिद्रांत शिरते, उन्हाने वाळते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचे कण सुटे करतात. खाच पडली की तेथे ओल अधिक टिकते आणि खाच आणखी खोल होते. चाळीस वर्षे नोकरीत वापरलेले ज्ञान अण्णांनी समुद्राकाठी नातवंडांना दिले, तेव्हा त्यांचा आवाज मला जुन्या अण्णांचा वाटला.

तिसऱ्या कोड्यात माझी चूक झाली. "भाड्याच्या घरात राहतो, घर लहान पडले की दुसरे शोधतो, हिंजवडीचा नाही, पण तुमच्या शेजाऱ्यासारखाच. बाहेर दिसणारे पाय मोजा." हा शंखात राहणारा खेकडा. पंधरा दिवसांपूर्वी तो आम्हाला वाटेलगतच्या उथळ डबक्यांत भरपूर दिसला होता. त्या दिवशी तेथे एकही नव्हता. जिवंत प्राणी ठरल्या जागी सापडेल असे मी धरून चालले होते, आणि कुठवर शोधायचे याची सीमा कोड्यात घातली नव्हती. भाचा एका डबक्यावरून दुसऱ्याकडे जात जात समुद्राच्या बाजूच्या शेवाळलेल्या खडकांपर्यंत पोहोचला. मी भाचीला कालवांच्या धारदार कडा दाखवण्यात गुंतले होते. तेवढ्यात अण्णांचा आवाज आला. तो विनंतीचा नव्हता. "नऊ वाजले. मागे फिर. आत्ता." भाचा म्हणाला, "आजोबा, एकच मिनिट, इथे काहीतरी हलतेय." अण्णा पुन्हा एवढेच म्हणाले, "पाणी मिनिटे मोजत नाही." तो परतला. चेहरा पडलेला होता. आम्ही वाळूवर पोहोचून मागे वळून पाहिले, तेव्हा तो उभा होता त्या खडकावरून पाणी वाहू लागले होते. माझ्या पोटात खड्डा पडला. रुग्णांना सावधगिरी शिकवणाऱ्या माझ्या कोड्यानेच मुलाला तेथे नेले होते, हे मी सर्वांसमोर कबूल केले.

शेवटचे कोडे वाळूच्या कडेला होते: "समुद्राला 'इथवरच' म्हणणारी वेल शोधा, तिच्या फुलात किती टोकांची चांदणी?" मर्यादवेल. दुभंगलेल्या टोकाची जाड पाने, जांभळट फुले आणि वाळू घट्ट धरून ठेवणाऱ्या लांबच लांब मुळ्या. फुलाच्या आत पाच टोकांची चांदणी असते. आकडा मिळाला: पाच. वेलीचे नाव ऐकून अण्णांनी नातवाकडे पाहिले. नातू खाली पाहून हसला.

मुक्कामी आलो तेव्हा हातात नऊ आणि पाच होते. मधला आकडा नव्हता. भाचा म्हणाला, "हरलो." भाची क्षणभर पेटीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "दादा, एकच आकडा राहिलाय ना? मग दहाच शक्यता आहेत." शून्यापासून सुरुवात करून सहाला कुलूप उघडले. आत खोबऱ्याच्या वड्या होत्या, संकष्टीलाही चालणाऱ्या. "पण खेकड्याला तर दहा पाय असतात, मग सहा का?" या प्रश्नावर जेवणापर्यंत चर्चा चालली. शंखवासी खेकड्याचे मागचे चार पाय आखूड असतात. त्यांनी तो शंख आतून धरून ठेवतो, म्हणून बाहेर नांग्यांसह सहाच दिसतात.

वैद्य म्हणून या सहलीकडे पाहताना मला काही गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी आणि पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे. हा आकडा सर्वांना पाठ असतो. कमी पडते ते कारण. कोडे चालण्याला कारण देते, आणि थांबण्यालाही. हृदयविकारातून सावरणाऱ्याला हे थांबे विश्रांती देतात व आत्मविश्वासही. मुलांच्या डोळ्यांसाठीही उघड्यावरचा वेळ मोलाचा आहे. चीनमधील ग्वांगझू येथील शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक बाहेर नेले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली, तर नेहमीच्या वेळापत्रकाच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. लागलेला चष्मा याने सुटत नाही. लागणे टळू शकते.

आपणही असा खेळ रचणार असाल तर वाट आधी स्वतः चालून पाहा. उत्तरे अचल वस्तूंत ठेवा: झाड, खडक, पायरी. ओहोटी पूर्ण होण्याच्या बराच आधी निघा आणि परतीची वेळ पाळण्याचे काम घरातल्या सर्वांत शांत माणसाकडे द्या. चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. शंकूच्या आकाराचा शंख कधीही हातात घेऊ नका. त्यातला जिवंत प्राणी विषारी दंश करू शकतो. कालवाने कापले तर जखम स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी करा. हृदयविकार वा मधुमेह असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून, औषधे सोबत ठेवून निघावे.

पेटीत वड्यांखाली एक कोरी वही होती. तिच्यावर मी लिहिले होते, "पुढची कोडी आजोबांची." अण्णा आता रोज सकाळी आमच्या वसाहतीच्या आवारातून आणि मागच्या रस्त्याने पस्तीस-चाळीस मिनिटे फिरतात. वहीत सतरा कोडी झाली आहेत. परवा मी त्यांना म्हणाले, "अण्णा, ऊन झालेय, आता नको." ते म्हणाले, "कडुलिंबाला मोहोर आलाय का ते बघायचे आहे. तू चल, नाहीतर दवाखान्यात जा." मी गेले त्यांच्याबरोबर, त्या दिवशी दवाखाना दहा मिनिटे उशिरा उघडला.