'हव, झाली' म्हणू नकोस

प्रिय भाचीस,

परवा कोहमाऱ्याच्या चौकात आपण चहाला थांबलो होतो. रायपूरकडचे ट्रक धडधडत जात होते. तुला उपकेंद्राचा फोन आला, मग तू खांबाजवळच्या सोबत्याला फोन लावलास. एवढंच म्हणालीस, "हव, झाली. चढा." आणि चहाचा घोट घेतलास. माझा कप तसाच राहिला, ते तुझ्या लक्षात आलं का? रागावलो नव्हतो, बेटा. घाबरलो होतो.

काय झाली? कोणती झाली?

ही गोष्ट तुला कधी सांगितली नाही. रोवणीचे दिवस, उपकेंद्रात माझी रात्रपाळी, बाहेर वारा. लाईनमनने फोनवर विचारलं, "गावाची बंद केली का?" मी म्हणालो, "हव, झाली." माझ्या मनात गावठाण फीडर होता, म्हणजे गावातल्या घरांची लाईन. त्याच्या मनात गावाकडे जाणारी शेतीपंपांची लाईन. दोघंही खरं बोललो होतो. त्याने तारेला हात लावण्याआधी अर्थिंगचा रॉड टाकला, मोठा आवाज झाला आणि माझ्यासमोर शेतीचा फीडर ट्रिप झाला. 11 हजार व्होल्ट. तेव्हा कुठे मला कळलं, तो कोणत्या खांबावर आहे. माणूस वाचला तो रॉडमुळे. माझ्या बोलण्याने तर त्याला मारलंच होतं.

आणि मला बोलायला कोणी शिकवलं, आठवतं? तू सातवीत असशील. माझा डबा घेऊन यायचीस आणि लॉगशीटवरचे तासातासाचे आकडे मोठ्याने वाचायचीस. एकदा इंग्रजीचं पुस्तक मिटून विचारलंस, "मामाजी, क्लोज म्हणजे बंद ना? मग तुम्ही ब्रेकर क्लोज केला की लाईट कसे येतात?" मी हसलो. घरी आल्यावर मात्र झोप लागली नाही. ब्रेकर क्लोज झाला की आतले संपर्क जुळतात आणि वीज वाहू लागते. घरात आपण बटण बंद करतो ते दिवा विझवायला. पॅनलवरचं क्लोज आणि घरातलं बंद, दोन्ही एकमेकांच्या उलट! नवा मुलगा यातलं काय ऐकेल? दुसऱ्या दिवसापासून मी फोनवर आधी फीडरचं नाव घ्यायचो, मग 'पुरवठा बंद' किंवा 'पुरवठा चालू'. तिसरा शब्द नाही. त्या प्रश्नाचं ऋण मी कधी फेडणार?

रेल्वेचं बघ. जिथे फाटक सिग्नलला जोडलेलं नसतं, तिथे फाटकवाला नुसतं 'बंद केलं' म्हणून सुटत नाही. तो स्टेशनमास्तरला प्रायव्हेट नंबर देतो, त्याची नोंद होते, मगच गाडी पुढे येते.

नुसतं लिहिलं म्हणजे काम झालं, असंही समजू नकोस. 6 जुलै 1988 ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला होता. तशी परमिटची चिठ्ठीही होती. रात्रपाळीला ते कळलंच नाही आणि त्यांनी पंप सुरू केला. 167 माणसं गेली. कागद होता, बेटा.

तुझी घाई मला कळते. नागझिऱ्याकडून वारा सुटला की फांद्या तारांवर पडतात आणि अंधारात बसलेली गावं फोनवर फोन करतात. तरी अर्धं मिनिट घे. कोणता फीडर, कोणता खांब, वर कोण चढलंय, हे सगळं सांग आणि समोरच्याकडून त्याच्या तोंडाने परत म्हणवून घे. तो नुसतं 'हव' म्हणाला तर ते उत्तर धरू नकोस. त्याने ऐकलं एवढंच त्यातून कळतं, काय ऐकलं ते कळत नाही. आणि दुसऱ्याचा निरोप तू पुढे देऊच नकोस. ज्याला चढायचं आहे, त्यानेच उपकेंद्राशी बोलावं, परमिट त्याच्याच नावाने असावं. बापाच्या वयाच्या लाईनमनला "परत म्हणा" म्हणायला संकोच वाटतो का? माझं नाव सांग. म्हाताऱ्या मामाने शपथ घातली आहे म्हण.

आता एक काम कर. परवा ज्याला 'चढा' म्हणालीस, त्याला आजच फोन लाव. त्या वेळी त्याच्या मनात कोणती लाईन होती, ते विचार. आणि तो काय म्हणाला, ते मला कळव.

तुझा मामा