अडलेले दार

दार सुरळीत उघडत असते तोवर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. आमच्या वाईच्या घरी मोटार ठेवण्याची जी खोली होती, तिच्या दाराचेही तसेच होते. ते बिजागऱ्यांवर फिरणारे दार नव्हते. बाजारातील दुकानांना असते तसे वर गुंडाळले जाणारे लोखंडी शटर होते. रोज सकाळी बाबा दोन्ही बाजूंची कुलपे काढीत, खालच्या मुठीला हात घालून शटर वर लोटीत आणि खडखड आवाज करीत ते माथ्यावर जाऊन बसे. त्या आवाजाने माझी साखरझोप मोडे, म्हणून माझा त्याच्यावर थोडा रागच होता.

संध्याकाळी मात्र आमची दोस्ती होई. बाबांनी मोटार आत लावली, की शटर ओढून घेण्याचे काम माझ्याकडे असे. त्यासाठी टोकाला आकडा असलेली एक लांब काठी कोपऱ्यात ठेवलेली होती. पण काठीने ओढण्यात कसली आली मौज! मी स्टुलावर चढे, शटरची खालची कड दोन्ही हातांनी धरी आणि अंग सोडून देई. झोक्यावरून उतरावे तसा मी शटरबरोबर अलगद खाली येई. आईने एकदा पाहिले आणि चांगलेच खडसावले. तेव्हापासून आई स्वयंपाकघरात आहे याची खात्री करून मगच मी लोंबकळू लागलो.

श्रावणातली एक संध्याकाळ होती. पाऊस भुरभुरत होता. घाईत मी स्टूल मधोमध न ठेवता उजव्या कडेला ठेवले आणि लोंबकळलो. अर्ध्यावर येताच ‘कर्र’ असा आवाज झाला. शटर तिरके झाले आणि थांबले. मी घाबरलो. इकडेतिकडे पाहिले आणि उजव्या टोकाशी मुठीवर पाय देऊन जोर लावला. मग तेथेच दोन लाथाही हाणल्या. शटर कुरकुरत जमिनीला टेकले. मी कुलपे घातली, किल्ल्या खिळ्याला अडकवल्या आणि हातपाय धुऊन पानावर बसलो.

दुसरा दिवस साधा नव्हता. शेजारच्या आजींच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्या दिवशी साताऱ्याला व्हायची होती. त्यांच्या एका डोळ्याने काहीच दिसत नसे आणि दुसऱ्याने दिसे तेही धुक्यातून पाहिल्यासारखे. त्यांचा मुलगा दूर मुंबईला. तेव्हा आपल्या मोटारीतून नेण्याचे बाबांनी कबूल केले होते. दहापर्यंत दवाखान्यात पोहोचायचे होते. वाईहून सातारा सुमारे 35 किलोमीटर. साडेसातलाच आजी धुवट लुगडे नेसून, गाठोडे मांडीवर घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

बाबांनी कुलपे काढली, मुठीला हात घातला आणि जोर केला. शटर हलले नाही. पुन्हा जोर केला. डावी बाजू दोन बोटे उचलली गेली आणि खाली बसली. उजवी बाजू जशीच्या तशी.

बघता बघता चार माणसे जमली. आपल्याकडे अशा वेळी सल्ल्याला तोटा नसतो. पावसाने गंज चढला असेल, रॉकेल सोडा, असे एक म्हणाले. रॉकेल सोडून झाले. दुसऱ्यांनी घरून पहार आणली आणि खालून उचकटू या म्हणाले. बाबांनी पहारीकडे पाहिले, शटरकडे पाहिले आणि मान हलवली. ‘वाकले तर आणखी बसेल,’ ते म्हणाले. अखेर कोणीतरी सायकलवरून बाजारात जाऊन शटरच्या मिस्त्रींना घेऊन आले.

मिस्त्री वयस्क होते. छत्री मिटून त्यांनी ओट्याला टेकवली, पिशवी खाली ठेवली; पण हत्यार काही काढले नाही. शटरला हातसुद्धा लावला नाही. त्यांनी आधी विचारले, “काल शेवटी बंद कुणी केलं?”

“हाच करतो रोज,” बाबांनी माझ्याकडे बोट दाखवले.

“काही आवाज झाला होता का रे, पोरा?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि ते कामाला लागले. आधी कुलपांचे अडसर पुरते निघाले आहेत की नाहीत ते बोटांनी चाचपले. मग उंबऱ्याशी खडा-बिडा अडकला आहे का ते पाहिले. मग डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा असे शटर हळूच उचलून पाहिले आणि पत्र्याला कान लावला.

“वरची स्प्रिंग शाबूत आहे,” ते बाबांना म्हणाले. “ती तुटली असती तर दोन्हीकडून सारखंच जड लागलं असतं. डावीकडून उचलतंय, म्हणजे वरून ओढ आहे. घोटाळा उजव्या चॅनेलमध्ये आहे.” दोन्ही बाजूंच्या भिंतींत उभी लोखंडी खाच असते आणि तिच्यातून शटर वरखाली सरकते, तिला ते चॅनेल म्हणत. “पण कुठल्या पट्टीशी, ते बाहेरून कळत नाही. चॅनेल भिंतीतून काढावं लागेल. दुपार होईल.”

बाबांनी घड्याळ पाहिले. सव्वाआठ वाजून गेले होते. साताऱ्याची एस.टी. केव्हाच सुटली होती.

ओट्यावरून आजींचा आवाज आला, “उशीर झाला का रे, बाळ?”

आजी माझ्या दिशेने पाहत होत्या. पण अगदी माझ्याकडे नव्हे, माझ्या थोडे डावीकडे. मी तेथे उभा आहे असे त्यांना वाटत होते. घशात काहीतरी दाटून आले आणि मी मिस्त्रींच्या जवळ जाऊन एका दमात सारे सांगून टाकले: लोंबकळणे, तो ‘कर्र’ आवाज, तो पाय आणि त्या लाथाही.

सगळे गप्प झाले. बाबांचा चेहरा पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. मिस्त्री मात्र एकदम ताजेतवाने झाले. “लाथ मारलीस तेव्हा शटर किती खाली आलं होतं?”

“माझ्या गुडघ्यापर्यंत.”

“आणि मारलीस कुठं? दाखव.”

मी हवेत पाय उचलून दाखवला. त्यांनी मनाशी हिशेब केला आणि खालून पट्ट्या मोजल्या. एक, दोन, तीन, चार. विजेरीचा प्रकाश डाव्या खाचेच्या फटीत पाडून ते म्हणाले, “ही बघा. चौथी पट्टी इकडं आखूड पडलीय. म्हणजे तिकडं तेवढीच आत घुसलीय.”

मग सारे कसे भराभर झाले. त्यांनी उजव्या फटीतून एक चपटी सळई आत घातली आणि तिच्या टोकावर हातोडीने हलके हलके ठोके दिले. बाबांनी शटर किंचित खाली दाबून धरले, कारण ताण असताना पट्टी सरकत नाही. पाच-सात ठोक्यांनंतर ‘टक्’ असा आवाज झाला. “आता उचला,” मिस्त्री म्हणाले, आणि शटर खडखडत वर गेले. तो आवाज मला इतका गोड कधीच वाटला नव्हता. नऊ वाजायच्या आत मोटार रस्त्याला लागली होती.

मिस्त्री संध्याकाळी पुन्हा आले. पट्टी बाजूला सरकू नये म्हणून तिच्या टोकाला लोखंडाचा एक छोटा तुकडा बसवलेला असतो. तो माझ्या प्रतापाने निखळून खोलीत पडला होता. तो बसवताना विजेरी धरण्याचे काम त्यांनी मलाच दिले. एवढे जड शटर माझ्यासारखा मुलगाही वर कसे लोटू शकतो, हे मी त्यांना विचारले. माथ्यावरच्या दांड्यावर स्प्रिंगा असतात, त्यांनी सांगितले. शटर खाली ओढताना त्या पिळल्या जातात. म्हणजे आपण लावलेले बळ त्या साठवून ठेवतात आणि वर लोटताना परत करतात. “म्हणून वरच्या पेटीला कधी हात लावायचा नाही,” ते म्हणाले. “त्यात अडवून ठेवलेलं बळ एकदम सुटलं तर माणसाचा हात मोडतो.”

बाबा काहीच बोलले नाहीत. साताऱ्याहून परतल्यावर त्यांनी मोटार आत लावली, कोपऱ्यातली आकड्याची काठी उचलून माझ्या हातात दिली आणि ते घरात गेले. त्यापेक्षा दोन रट्टे दिले असते तर बरे, असे मला वाटले.

पुढच्या आठवड्यात मी शटर लावून वळलो, तो आजी ओट्यावर बसलेल्या. डोळ्यांवर काळा चष्मा होता. या खेपेस त्या नेमक्या माझ्याकडेच पाहत होत्या.

“हल्ली झोका घेत नाहीस वाटतं?” त्या म्हणाल्या.

मी चपापलो. “तुम्हांला कसे ठाऊक, आजी?”

“अरे, दिसत नव्हतं, ऐकू तर येत होतं ना! शटर टेकलं, की मागोमाग तुझे पाय धप्पकन वाजायचे. गेले आठ दिवस नुसतंच शटर वाजतं.”