धामणीची तीमारदारी

आमच्या घरांतून रात्री सापाचे नाव घेत नाहीत, ‘रस्सी’ म्हणतात. नाव घेतले की तो येतो, असा बुजुर्गांचा समज. दिवसा दिसला तर मात्र विषारी की बिनविषारी हे कोणी विचारत नाही. काठ्या निघतात आणि दोन मिनिटांत काम तमाम होते. लासूर स्टेशनला कांद्याच्या चाळी, धान्याच्या खोल्या. उंदीर भरपूर, म्हणून सापही भरपूर.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या मोहल्ल्यातल्या एका परसात सहा फुटी धामण अडकली. कोंबड्या शिरू नयेत म्हणून भाजीच्या वाफ्याभोवती नायलॉनची जाळी लावली होती. धामण जसजशी धडपडली, तसतसा धागा मांसात रुतत गेला. काठ्या घेऊन आलेल्यांना मी थांबवले आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप मारणे किंवा घरी पाळणे गुन्हा आहे. माझा एक जुना विद्यार्थी सर्पमित्र आहे. एरवी गॅरेजात काम करतो. त्याने बोथट टोकाच्या कात्रीने एकेक धागा कापला. वनरक्षक येऊन पाहून गेले. बरी होईपर्यंत ती त्याच्याच देखरेखीखाली ठेवायचे ठरले. त्याला गॅरेजातून यायला रात्र होई, म्हणून असर ते मगरिबची तीमारदारी माझ्याकडे आली.

गुरांच्या डॉक्टरांनी जखमा धुतल्या, वजन करून औषधाचे प्रमाण ठरवले आणि सुई शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात दिली. सापाला मागच्या भागात सुई सहसा देत नाहीत, हे मला तेव्हा कळले. सापाला आपल्यासारखी अंगची ऊब नसते. बाहेरून ऊब मिळाली नाही तर त्याचे अन्न पचत नाही आणि जखमही लवकर भरत नाही. म्हणून खोक्याच्या एका टोकाला बल्ब लावला आणि दुसरे टोक थंड ठेवले. कुठे पडायचे ते तिचे तिने ठरवावे. माझे काम एवढेच, की पाणी बदलायचे, खालचा कागद बदलायचा, जखमेला माशी लागू द्यायची नाही.

शेजारच्या एका खालांनी वाटीभर दूध पाठवले. साप दूध पीत नाही, हे त्यांना समजावताना माझी पुरेवाट झाली. गारुड्याचा नाग नागपंचमीला दूध पितो, कारण त्याला कित्येक दिवस तहानेलाच ठेवलेले असते. ते दूध त्याला पचत नाही आणि फुप्फुसात गेले तर जीवही जातो. खालांनी वाटी परत नेली, पण त्यांचा चेहरा काही पटल्यासारखा दिसला नाही.

मस्जिदीबाहेर एका बुजुर्गांनी मला अडवले. “मास्टर, मूजी जानवर को मारने में सवाब है. तुम उसको पाल रहे?” मी आलिम नाही. तरी अदबीने म्हणालो, की सापाला मारायची इजाजत आहे हे खरे. पण घरात दिसलेल्या सापाला आधी तीन दिवस ताकीद द्यावी, असेही हदीसमध्ये आले आहे. तहानेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या गुनहगार बाईची मगफिरत झाली, हेही आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. आणि धामण तर बिनविषारी आहे. आपल्या धान्याची राखण करणारी मूजी कशी? ते काही बोलले नाहीत. “देखो भई,” एवढे म्हणून निघून गेले.

खरा सवाल वर्गात आला. सहावीतल्या एका मुलाची आई दोन वर्षांपूर्वी सर्पदंशाने गेली होती. जमिनीवर झोपली होती, पहाटे पोट दुखू लागले, मग पापण्या मिटू लागल्या. अंगावर ना सूज, ना ठळक खूण. मण्यारीचा दंश असाच असतो. घरच्यांनी आधी झाडफूक केली, दवाखाना नंतर. तो मुलगा उभा राहून म्हणाला, “सर, साँप को दवा मिल रही, मेरी अम्मी को क्यों नहीं मिली?”

वर्ग चिडीचूप झाला. मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी पुढचा धडा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर चार नावे लिहिली: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. आपल्याकडे बहुतेक बळी यांच्या दंशाने जातात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अंदाज २०२० च्या एका अभ्यासाने मांडला आहे. म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजार. विष उतरवणारी लस सरकारी दवाखान्यात मिळते. तिथे पोचेपर्यंत गेलेला वेळच जीव घेतो. मी मुलांकडून उर्दूत लिहून घेतले: खाटेवर झोपावे, मच्छरदाणी खोचावी, कापू नये, बांधू नये, चोखू नये, थेट दवाखाना गाठावा. त्या मुलाने ते दोन वेळा लिहिले. एक पान घरी न्यायचे, असे म्हणाला. कोणासाठी, ते मी विचारले नाही.

बाराव्या दिवशी धामणीचे डोळे निळसर, धुरकट झाले. अठराव्या दिवशी तिने कात टाकली. जखमांच्या जागी फिकट रेघा उरल्या होत्या. वनरक्षकांना कळवून, ऊन चांगले तापल्यावर, शिवना नदीच्या बाजूला तिला सोडले. क्षणभर तिने जीभ लवलवली आणि काटेरी झुडपात शिरली. मागे पाहिले नाही.

मांजर बरे झाले तर पायात घोटाळते, बकरी हाताला चाटते. साप कोणाला ओळखत नाही, शुक्रिया मानत नाही. अठरा दिवसांत त्या डोळ्यांत मला माया दिसली नाही, दिसायचीही नव्हती. ज्याच्याकडून काहीच परत येणार नाही त्याची खिदमत करताना माणसाचा हिशेब सरळ अल्लाहशी होतो. तो मुलगा अजून सापाला घाबरतो, आणि ते रास्तच आहे. पण परवा शाळेच्या कुंपणाशी साप निघाला, तेव्हा दगड उचलायच्या आधी त्याने मला हाक मारली.