साडेसहा हजारांची बाज

माझी मावशी भोपाळच्या शिवाजी नगरमध्ये राहते असं मुंबईत सांगितलं, की हमखास पुढचा प्रश्न येतो, "तिकडे मराठी माणसं कशी?" मलाही हे काकांनीच, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, सांगितलं. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली. मग फायलींबरोबर नागपूरचे कर्मचारीही भोपाळला आले. काकांचे वडील त्यांतलेच एक. पुढे काकाही सरकारी नोकरीत लागले आणि त्यांना शिवाजी नगरमध्ये क्वार्टर मिळालं.

क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा आणि मागे अंगण. ओट्यावर कडुनिंबाची सावली आणि त्या सावलीत सुतळीने विणलेली एक जुनी बाज. मावशीची सकाळची भाजी तिथेच निवडली जाते आणि काकांची दुपारची झोपही तिथेच होते. मावशीच्या मराठीत हिंदी इतकी मुरली आहे, की "जेवण वाढलंय" असं ती कधीच म्हणत नाही. "जेवण लागलंय" म्हणते.

२०२४ च्या जूनमध्ये मी सुट्टीला गेले, तेव्हा बंगलोरला नोकरी करणाऱ्या दादाने आईबाबांच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून एका 'बुटीक' होमस्टेचं दोन रात्रींचं बुकिंग करून ठेवलं होतं. भोपाळहून तासाभराच्या अंतरावर, भीमबेटकाच्या बाजूला, एका खेड्याच्या कडेला. एका खोलीचे एका रात्रीचे साडेसहा हजार. आकडा ऐकून काका म्हणाले, "एवढ्यात तर माझ्या बाबांनी वर्ष काढलं असतं." पण गेले.

जागा खरंच सुंदर होती. मातीच्या जाड भिंती, त्यांवर पांढऱ्या मातीची नक्षी. वर कवेलू, म्हणजे आपली कौलं. एसी होता, पण वेताच्या जाळीमागे लपवलेला. कंदील होते, त्यांत एलईडी बल्ब. पितळेच्या लोट्यात एकच फूल. मी लगेच फोटो काढायला लागले. एकेक कोपरा जणू त्यासाठीच मांडला होता.

मावशी मात्र पडवीतच थबकली. तिथे एक बाज होती. सुतळीची, अगदी तिच्या ओट्यावरच्यासारखी. फक्त हिला पॉलिश होतं आणि वर हातमागाची उशी.

"काय पाहून राहिली एवढं?" काकांनी विचारलं.

"ही तर आपलीच बाज आहे," मावशी म्हणाली. "आपली दादा फेकायला सांगतो."

आम्ही हसलो, पण त्या हसण्यात जरा काहीतरी अडकलं. काका पुढच्या मार्चमध्ये रिटायर होणार होते. क्वार्टर सोडावं लागणार होतं. होशंगाबाद रोडला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेऊन झाला होता आणि तिथे ती बाज न्यायची नाही, असं दादाने बजावलं होतं.

केंद्र सरकारच्या 'बेड अँड ब्रेकफास्ट' योजनेत एक नियम आहे. घरमालकाने कुटुंबासह त्याच घरात राहायला हवं आणि भाड्याने द्यायच्या खोल्या सहापेक्षा जास्त नकोत. म्हणजे पाहुणा खोलीत नाही, घरात उतरावा. आमच्या इथले मालक दिल्लीला होते. यजमान म्हणायचं तर ती सगळं बघणारी गावातली भाभी. पहिल्या सकाळी तिने पोहे-जिलबी आणली. छापील मेनूवर त्याला भलतंच लांबलचक नाव होतं.

मी तिला उत्साहाने म्हटलं, "तुमचं घरही असंच असेल ना? किती थंड आहे आत!"

ती हसली. तिचं घर आता पक्कं झालं होतं, सरकारी योजनेतून. स्लॅबचं. जूनमध्ये तापतं, म्हणून ते लोक रात्री बाहेर झोपतात. "मग मातीचं बरं होतं ना?" मी विचारलं. तेव्हा तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला माझाच प्रश्न ऐकू आला. दर पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, दर सणाला भिंती सारवायच्या, तरी गळायचंच. एकदा छपरातून साप पडला होता. आता ती सारवते, पण इथे, आणि त्याचे पैसे मिळतात. "आप दो दिन रहते हो, दीदी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. हिशेब सांगावा तसं सांगितलं.

त्यानंतर मी फोटो काढले नाहीत असं नाही. काढले. पण टाकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भीमबेटकाला गेलो. १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकरांना रेल्वेतून जाताना हे खडक दिसले आणि ते बघायला आले, हे काकांनी घरचाच पराक्रम असल्यासारखं सांगितलं. २००३ पासून ही जागा जागतिक वारसा यादीत आहे. हजारो वर्षं माणसं त्या खडकांच्या आडोशाला राहिली आणि छतावर, भिंतींवर बैल, हरणं, शिकारी, नाचणारी माणसं काढत गेली. काका बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले, "यांना कोणी क्वार्टर खाली करा म्हटलं नसेल." मावशी हसली नाही.

परत आलो तर शिवाजी नगरमध्ये गलका. शिवाजी नगर आणि तुलसी नगरमधली जुनी क्वार्टर्स पाडून मंत्री-आमदारांसाठी घरं बांधायची योजना होती आणि त्यासाठी सुमारे २९ हजार झाडं जातील अशा बातम्या होत्या. लोक रस्त्यावर येऊन झाडांना मिठ्या मारत होते. मावशी कधी कुठल्या मोर्चात गेलेली नाही. त्या संध्याकाळी गेली. परत आली तेव्हा तिच्या पदराला सालीचा चुरा लागला होता.

मी तिला म्हटलं, "मावशी, तुला तर मार्चमध्ये जायचंच आहे."

"मला जायचंय," ती म्हणाली. "झाडाला कुठे जायचंय?"

मला भाभी आठवली. तिला मातीचं घर नको होतं आणि मावशीला फ्लॅट नको होता. पण भाभीला घर बदलावंसं वाटलं आणि ते बदललं. मावशीला मात्र कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. त्या होमस्टेमध्ये मी दोन दिवस ज्याचं कौतुक करत होते ती सावली, ती पडवी, ती बाज मी लहानपणापासून दर सुट्टीत फुकट वापरली होती. एकदाही मान वर करून ते झाड बघितलं नव्हतं.

त्याच महिन्यात सरकारने ती योजना मागे घेतली. झाडं वाचली. काकांचं रिटायरमेंट मात्र ठरल्या दिवशीच झालं.

बाज फ्लॅटवर गेली. लिफ्टमध्ये मावली नाही, म्हणून काका आणि वॉचमन दोघांनी जिन्याने सात मजले चढवली. बाल्कनी अरुंद आहे, त्यामुळे दिवसभर ती भिंतीला उभी असते आणि रात्री आडवी होते. दादाने परवा विचारलं म्हणे, पॉलिश करून घ्यायची का. मावशी नको म्हणाली.

ती आता फोनवर झाडाचं काही बोलत नाही. एवढंच म्हणते, "सुट्टी लागली की ये. सकाळी नाश्ता लागलेला असेल."